झोपेतल्या धारा

तारानाकी, न्यूझीलंड
१२ जून १९११

प्रिय आई,

मी खुशाल आहे. हिवाळा लागलाय, सकाळी गवतावर दहिवर गोठलेलं असतं, पण तू विणलेले मोजे पायात असतात, तेव्हा काळजी नको. बाबांचा खोकला कसा आहे?

शाळेत एकोणीस मुलं आहेत. सगळी पहाटे दहा-दहा गाईंच्या धारा काढून येतात. गेल्या सोमवारी नऊ वर्षांची म्यूरिएल बाकावर डोकं टेकून झोपली. मी चिडून पट्टी उचलली, तर शेजारची मॉड म्हणाली, "मारू नका बाई, ती कामात आहे."

पाहते तर डोळे मिटलेले आणि दोन्ही मुठी आळीपाळीने आवळतायत. "सहावी गाय चालू असेल," मॉड म्हणाली. "अजून चार राहिल्यात." वर्ग हसला. मी पट्टी ठेवून दिली.

शाळा सुटल्यावर तिच्या वडिलांना भेटले. माणूस वाईट नाही. "बाई, गाईंना कुठे सुट्टी असते?" म्हणाले आणि लोण्याचा गोळा हातावर ठेवला. मी तो घेतला गं.

तू लिहितेस, नव्या गाई आल्यात आणि आपली धाकटी आयव्ही हौसेने धारा काढते. तिच्यासारखीच आठव्या वर्षी मीही हौसेनेच काढायचे ना? शाळेच्या दिवशी तरी तिला झोपू दे. बाबांना तूच सांग, माझ्यावर ते चिडतील.

घर सोडून मला चार वर्षं झाली. रविवारी दुपारी खुर्चीत डोळा लागला. जाग आली तेव्हा घरमालकीण हसत होती, "बाई, त्या उशीला काय एवढं पिळत होतात?"

आयव्हीला माझा पापा.

तुझी,
थिर्झा