बाबांचं उत्तम नाणं

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार (कंबर परवानगी देईल तेवढाच वाकलो आहे, उरलेला धरून चाल). तुझा गुडघा, भाऊजींचा खोकला आणि तुमच्या छताची गळती, तिन्ही आटोक्यात असतील अशी आशा आहे. आमच्याकडे सगळं ठीक म्हणायचं, कारण तसं म्हणायला काही लागत नाही.

तर बाबांचं ते राजाच्या डोक्याचं चांदीचं नाणं. बाकीची नाणी ते कुणालाही दाखवतात, हे मात्र डबीत, मऊ कापडात गुंडाळलेलं असतं. जन्मभर कारखान्यात सुट्या भागांची तपासणी केलेला माणूस. समोर आलेली वस्तू पास की नापास हे ठरवल्याशिवाय त्यांना घास उतरत नाही (तुझ्या लग्नात त्यांनी हॉलमधल्या खुर्च्यांनासुद्धा शेरा दिला होता). नाण्यांच्या त्यांच्याकडे चार इयत्ता: कोरं, उत्तम, बरं आणि झिजकं. दुसरा कुणी असता तर स्वतःच्या नाण्याला बेधडक 'कोरं' म्हणाला असता. बाबांनी 'उत्तम'वरच थांबवलं, कारण राजाच्या कानाखाली केसाएवढा ओरखडा आहे आणि भुवईवरचा उंचवटा किंचित घासला आहे. नाणं आधी उंच भागावर झिजतं, हे आपण दोघांनी पाढ्यांच्या आधी पाठ केलं होतं.

गेल्या महिन्यात त्यांनी डबी उघडली, नाणं दिव्याखाली तिरकं धरलं आणि चार वेळा फिरवून पाहिलं. मग म्हणाले, हे माझं नव्हे. काठाच्या रेघा बरोबर, काठालगतची अक्षरं बरोबर, पण राजाला डोळा नाही, कान नाही, आणि तो ओरखडा तर नाहीच. झिजकं, तेही दयेनं. म्हणजे त्यांचं उत्तम नाणं कुणीतरी लांबवलं आणि त्या जागी बाजारात फिरून गुळगुळीत झालेलं ठेवलं. पहिला संशय माझ्यावर. या वयात, नातवाच्या देखत, मी बापापुढे खिसे उलटे करून उभा राहिलो (निघालं काय, तर बसची दोन तिकिटं आणि पित्ताची गोळी). दुसरा संशय माझ्या बायकोवर, कारण कपाट ती पुसते. बाबांचं पथ्यपाणी इतकी वर्षं सांभाळणारी बाई ती. स्वयंपाकघरात जाऊन रडली. ते मला अजून खुपतं. तेव्हापासून जेवताना मीठसुद्धा माझ्यामार्फत मागितलं जायचं, आणि मी दोघांच्या मध्ये बसून वकिलासारखा निरोप पोचवायचो.

शेवटी त्यांच्या सराफ मित्राला घरी बोलावलं. त्यानं भिंग लावलं, ओरखडा मला बोटानं दाखवला, नाणं तेच आहे म्हणाला आणि 'उत्तम' हा शेराही कायम ठेवला. बाबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि त्यालाही कटात सामील करून टाकलं. तो बिचारा चहा अर्धा टाकून गेला, परत आलेला नाही. हल्ली तर बाबांना सगळंच झिजकं वाटतं. परवा माझ्याकडे बघून म्हणाले, तुझं नाक कुठं गेलं रे? मला वाटलं, नेहमीचा टोमणा.

यानंतर कंटाळून मी जे केलं ते इथे लिहायची हिंमत होत नाही, तेव्हा खाली बघ. भाऊजींना नमस्कार सांग.

तुझा,
कुठल्याच इयत्तेत न बसलेला भाऊ

ता. क. मी बाबांना सांगितलं की नाणं तू नेलंस. मागच्या खेपेला, जपून ठेवायला म्हणून, आणि आता येताना घेऊन येणार आहेस. त्यांना ते लगेच पटलं (तुझ्याबद्दल त्यांचं असं मत असेल हे मलाही नवीन होतं). सुनेची माफी मागितली, आणि मागून होताच भाजीत मीठ कमी असल्याचं थेट तिलाच सांगितलं. घरात शांतता आहे. नाणं याच पाकिटात, कापसात गुंडाळून ठेवलं आहे. रागावून फेकू नकोस.

आणखी एक ता. क. हे सगळ्यात आधी लिहायचं होतं, पण हात पुढे जाईना. काल त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं होतं. दोन्ही डोळ्यांची मधली नजर गेली आहे. कडेकडेनं दिसतं, मध्ये जे येईल ते पुसलं जातं. चष्म्यानं किंवा ऑपरेशननं ती परत येणार नाही, आणि उरलेली किती टिकेल हेही सांगता येत नाही. डॉक्टरांनी हे त्यांच्यासमोरच सांगितलं. एरवी डॉक्टरांचीही तपासणी घेणारा माणूस, त्यानं एक प्रश्न विचारला नाही. जिना उतरताना माझा दंड धरला आणि म्हणाले, "तुझ्या ताईला कळव, नाणं राहू दे. म्हणावं, तू ये. लवकर ये."

तेव्हा ये. आणि आल्यावर त्यांच्या समोर बसू नकोस. जरा बाजूला, खिडकीच्या उजेडात बस. तिथे तू त्यांना दिसशील.