भाकरीखालच्या पिना

आई, त्या आठ पिना तू कारखान्यातून विचारून आणल्या होत्यास की न विचारता, हे मला अजून माहीत नाही. तुला जाऊन नऊ वर्षं झाली. मी आता अशाच पिना बनवणाऱ्या दुसऱ्या एका कारखान्यात तपासणी विभागात काम करते. मोजल्याशिवाय काही पास करत नाही, आणि त्यावरून लोक माझ्यामागे काय बोलतात तेही मला माहीत आहे. ही एकच गोष्ट मला मोजता आलेली नाही, म्हणून घडलं तसं लिहून काढते आहे.

माझं डिप्लोमाचं शेवटचं वर्ष होतं. ठाण्याच्या पॉलिटेक्निकात आमच्या चौघांच्या गटाने रेडिओवर चालणारी मोटारगाडी हा प्रोजेक्ट घेतला होता. एकाच्या काकांनी आखातातून गाडीचा सांगाडा आणला होता. त्यात आम्ही मोठी मोटर बसवली आणि सहा सेलची बॅटरी. परीक्षेच्या दिवशी गाडी फळीच्या उभ्या चढावर चढवून दाखवायची होती. गटातल्या तीन मुलांनी रिमोट, चाकं आणि रंग आपसांत वाटून घेतले आणि मला म्हणाले, "तू वायरिंग बघ, तुझा हात नाजूक आहे." हाताचा काही संबंध नव्हता. काही जळलं तर ते वायरिंगमध्येच जळणार आणि नाव माझं येणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

आणि जळलंच. गाडीबरोबर आलेला पांढरा नायलॉनचा प्लग तिसऱ्या चाचणीत मऊ पडला, कडेने तपकिरी झाला. मी गणित मांडलं. चढावर सुटताना मोटर तीस अँपिअर ओढते. सांधा पाच मिलिओहमचा धरला तरी साडेचार वॉटची उष्णता, तीही बोटाच्या पेराएवढ्या जागेत. नुसता मोठा प्लग घेऊन भागणार नव्हतं, आतून घट्ट आणि जास्त जागी टेकणारी पिन हवी होती. वायरी थेट डाख देऊन, म्हणजे सोल्डर करून जोडल्या असत्या तर बॅटरी चार्जिंगसाठी काढता आली नसती. स्क्रूची पट्टी धक्क्यांनी सैल होत होती. मुंबईला लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात सोन्याच्या मुलाम्याच्या गोल पिना मिळाल्या, पण मी खिशात लोहचुंबक घेऊन गेले होते आणि त्या त्याला चिकटल्या, म्हणजे आतून लोखंड. दुकानदार म्हणाला, "मॅडम, सगळे हेच नेतात." सगळे नेतात म्हणून मी नेणार नव्हते.

हे सगळं मी स्वयंपाकघरात ओट्याच्या टोकाला वायरी पसरून बोलत होते, तुला उद्देशून नव्हे. तू माझ्याकडे पाठ करून भाकरी थापते आहेस. मध्येच विचारतेस, "वायर केवढी जाड?" मी दाखवते. तू पिठाचा हात पदराला पुसतेस आणि वायर दोन बोटांत वळवून बघतेस.

"हिला डाख नको देऊस. कथील वायरीत वर चढतं आणि जिथं थांबतं तिथं ती काडीसारखी मोडते. पिन दाबून बसव, आणि ओढून बघ."

"पुस्तकात डाखच दिलाय."

"मग पुस्तक बसव गाडीत."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तू कामावरून आलीस आणि माझ्यासमोर जेवणाचा डबा उघडलास. सगळ्यात खालच्या पुडात, उरलेल्या अर्ध्या भाकरीखाली, आठ पितळी पिना होत्या. चार आत जाणाऱ्या, चार घेणाऱ्या. त्यांना लागलेलं भाजीचं तेल पुसत तू म्हणालीस, "बॅटरीच्या एका वायरीला ही लाव आणि दुसरीला ती. घाईत कुणी उलटी जोडायला गेलं तरी बसायचीच नाही." उलटी जोडणी कशी टाळायची यावर मी दोन दिवस विचार करत होते. तू ते उभ्या उभ्या सांगितलंस. मला बरं वाटायला हवं होतं.

"कुठून आणल्यास?"

"रिजेक्ट आहेत."

"कुणाला विचारून?"

"अगं, तुला गाडी चालवायचीय का पंचनामा करायचाय?"

तू प्रश्नाला उत्तर दिलं नाहीस, हे मी लक्षात ठेवलं. तू नळावर गेल्यावर पिना भिंगाखाली धरल्या. कुठे चीर नाही, कड वर आलेली नाही. व्हर्नियरने मोजल्या, आठही सारख्या. रिजेक्ट माल असा नसतो. आणि रिजेक्टच होता तर तो भाकरीखाली कशाला लपवायचा?

तुला पुन्हा सरळ विचारता आलं असतं. मी विचारलं नाही, कारण तू खरं सांगशील असं मला वाटत नव्हतं. गुरुवारी कॉलेज बुडवून मी एमआयडीसीत गेले, तुझ्या कारखान्याच्या गेटवर. वॉचमनने सुपरवायझरना बोलावलं. मी म्हणाले, "रिजेक्ट पिना कामगारांना घरी नेता येतात का, एवढंच विचारायचं होतं."

"कोण नेतंय?"

"कुणी नाही. नियम विचारतेय."

त्यांनी मला निरखून पाहिलं. "प्रेसवरच्या बाईंची मुलगी ना तू? नाक तेच आहे."

मी आले त्या रस्त्याने परत फिरले.

सोमवारपासून कामगार सुटताना वॉचमन गेटवर एकटीचाच डबा उघडून बघायला लागला, तुझा. पुढच्या आठवड्यात तुला प्रेसवरून काढून पॅकिंगला बसवलं. अकरा वर्षं तू त्या पिना ठोकून काढणाऱ्या प्रेसवर होतीस. मशीनच्या आवाजावरून डाय, म्हणजे पिनांचा साचा, कधी घासली ते सांगायचीस. पॅकिंगमध्ये नव्या पोरींच्या शेजारी बसून खोके चिकटवायला लागलीस. आणि तुझी खात्री झाली की हे शेजारच्या प्रेसवरच्या मावशीने केलं. मोठागावच्या कोळीवाड्यातली ती मावशी. अकरा वर्षं तुम्ही एका वर्तमानपत्रावर जेवलात, सुकट तिची आणि भाकरी तुझी. पिना डब्यात टाकताना तुला फक्त तिने पाहिलं होतं.

रविवारी ती आपल्या चाळीत आली. तुम्ही दोघी गॅलरीत उभ्या आहात, शेजारणींनी दारं अर्धी उघडी ठेवली आहेत.

"माझ्या तोंडाकडं बघून बोल गो. मी सांगंन तुझा नाव?"

"तुझ्याशिवाय बघितलं कोणी?"

"देवाला ठाव."

"देव काय गेटवर आलेला?"

मावशी चपला हातात घेऊनच जिना उतरली. मी आत बसून पकडीने त्याच पिना वायरींवर दाबत होते. एकेक ओढून बघत होते. एकही निघाली नाही.

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी तू तांदूळ निवडताना विचारलंस, "तू आलेलीस का गं त्या गुरुवारी कारखान्यावर? वॉचमन म्हणत होता, एक मुलगी आलेली."

"मी? मी कॉलेजात होते."

तू माझ्याकडे पाहिलंस. मग पुन्हा ताटात मान घातलीस. तो विषय तू परत काढला नाहीस, आणि कारखान्यातलं काही मला सांगायचंही बंद केलंस.

गाडी चढली. तीनदा चढवून दाखवली. मी सांध्यावर बोट ठेवून पाहिलं, कोमटसुद्धा नव्हता. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी पिना उपसून बघितल्या, उलट्या घालायचा प्रयत्न केला, गेल्या नाहीत तेव्हा हसले. "ही युक्ती कुणाची?" मी म्हणाले, माझी. "आणि पिना?" मी म्हणाले, लॅमिंग्टन रोडवरून.

आता ज्या कारखान्यात आहे तिथं लागल्यावर पहिल्याच महिन्यात एक गोष्ट कळली. प्रेसची डाय बदलली की पहिले काही नग मोजून बाजूला टाकतात. ते भिंगाखाली निर्दोष दिसले तरी गिऱ्हाईकाकडे जात नाहीत, कारण मशीन अजून बसलेलं नसतं. त्या पेटीवर आमच्याकडे "रिजेक्ट" असंच लिहिलेलं आहे. ती चिठ्ठी वाचून मी माझ्या टेबलाकडे गेले आणि दिवसभराचं काम केलं. म्हणजे तू खोटं बोलली नसशील. तरी पितळ कारखान्याचंच होतं, भंगारात का होईना. आणि भाकरीखाली का, हे त्यातून सुटत नाही. माझा संशय थोडा कमी झाला आहे, गेलेला नाही. त्यापेक्षा मोठा संशय दुसराच आहे. तू त्या दिवशी माझ्या उत्तरावर विश्वास ठेवलास, की सगळं कळूनही आळ मावशीवरच राहू दिलास, घरात माझ्याशी बोलता यावं म्हणून? पहिलं असेल तर मी तुला फसवलं. दुसरं असेल तर आपण दोघींनी मिळून तिला फसवलं. कुठलं खरं असावं असं मला वाटतं, ते मी इथंही लिहिणार नाही.

तुला नेलं त्या दिवशी मावशी आली होती. दोन वर्षांत पहिल्यांदा आपल्या दारात. बायकांच्या घोळक्यातून तिने माझा हात धरला. "शेवटपर्यंत तिला वाटला गो, मीच. तुला तरी ठाव हाय ना, मी नाय?"

मी होय अशी मान हलवली. तिला ते सांत्वन वाटलं. तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि रडली.

ती अजून मोठागावातच राहते, माझ्या घरापासून रिक्षाने पंधरा मिनिटांवर. तिला वाचता येतं. हा कागद तिला द्यायचा होता. तुझ्या नावाने लिहिला, कारण ती जाब विचारेल, तू आता पुन्हा विचारणार नाहीस.