खडकवासल्याच्या पाण्यातला फ्लू

६ ऑगस्ट २०१८, सकाळी ७
फ्लूच्या लॅबमध्ये बावीस वर्षं, एकही सिक लीव्ह नाही. या महिन्यात विभागप्रमुखांची खुर्ची रिकामी होतेय. माझ्याशिवाय दुसरं नाव कुणाचं असणार? संकल्प: काम जास्त, बोलणं कमी. नाक वाहतंय. ॲलर्जी. बायको, सरोजिनी, म्हणाली, घरी राहा. बँकेतल्या बाईला विषाणूंतलं काय कळणार.

७ ऑगस्ट
धायरी, येरवडा, कोथरूड इथल्या रुग्णांचे नमुने तपासायला लावले. धायरीचे दत्तोबा व्हेंटिलेटरवर आहेत, औषध लागू पडत नाही. त्यांच्यात विषाणू बदललाय का, ते डॉक्टरांना कळायला हवंय. मास्कने चष्म्यावर वाफ येते, म्हणून मास्क हनुवटीवर. अनुभवी माणसाला चालतं. दोनदा शिंकलो, पण तोंड वळवून.

१० ऑगस्ट, दुपारी
तिन्ही नमुन्यांत एकच विषाणू! जनुकांतलं अक्षर न् अक्षर सारखं. एरवी माणसागणिक थोडाफार फरक पडतो, इथे नाही. म्हणजे नवा, शिस्तीचा, खास पुण्याचा. माझ्या हाताखालच्या श्यामला जोग यांनी विचारलं, कोऱ्या नळीत काय आलं? (तुलनेसाठी एका नळीत नुसतं पाणी ठेवतात.) मत्सर, दुसरं काय.

११ ऑगस्ट
कोऱ्या नळीतही तोच. आधी घाबरलो. चहा घेताना उलगडा झाला. पाणी लॅबचं, म्हणजे शेवटी खडकवासल्याचं. विषाणू धरणात आहे! जोगबाई म्हणाल्या, ते पाणी सीलबंद बाटलीतलं असतं. यांना कायम बारकावेच दिसतात. शहराचं पाणी बंद करावं, अशी मेल संचालकांना केली. प्रत महापालिकेला.

१२ ऑगस्ट
ताप १०१. उत्साहाचा. भाषणासाठी जाकीट इस्त्रीला दिलं. सरोजिनीही शिंकतेय. नळाचं पाणी पिऊ नकोस म्हटलं, तर म्हणाली, "त्यापेक्षा तुम्हीच बाहेरच्या खोलीत झोपा."

१३ ऑगस्ट
संचालकांनी बोलावलं. जाकीट घालून गेलो. जोगबाई तिथे स्वॅबची काडी घेऊन उभ्या. संचालक म्हणाले, "नाक पुढे करा." सत्काराची ही काय पद्धत?

१७ ऑगस्ट
माझ्या नाकातला विषाणू त्या 'नव्या' विषाणूशी अक्षर न् अक्षर जुळला. नवा कसला, गेल्या वर्षीचाच, साधा. खुर्ची जोगबाईंना. संचालक म्हणाले, "आपण आठवडाभर घरी बसा. पाणी आम्ही चालूच ठेवतो."
दत्तोबा परवा गेले. त्यांचा नमुना वाया गेलेला, त्यांच्यात काय होतं ते आता कळायचं नाही. वाईट वाटलं. फार.
सिक लीव्हचा अर्ज लिहिला. कारण म्हणून आधी 'ॲलर्जी' लिहिलं. मग खोडलं.