बेवारस फोल्डर

सोमवार
तुझी कंबर कशी आहे? थोरलीचा खोकला गेला का? धाकटीने दाढ काढली की अजून घाबरतेय? मांजराचा पाय? मी ठणठणीत. रोजचं इथे लिहून संध्याकाळी तुला धाडेन. रोजनिशीही होईल, पत्रही.

कंपनी झकास आहे. कॉलेजचं तोंड न पाहिलेल्या मला सगळे काका-काका करतात. काम म्हणजे यांच्या संगणकातल्या कोडच्या भांडाराला, फोल्डरांना शिस्त लावायची. काय तो पसारा! 'नवीन', 'नवीन_खरं', 'हात_लावू_नका'. नावं ठेवलीत की गाऱ्हाणी मांडलीत! शेजारी कोड तपासणारा गडी बसतो. सगळे त्याला डुलकी म्हणतात. म्हणाला, काका, झाडू जपून मारा, आत मी झोपलेला असेन.

मंगळवार
नियम केले. नावात काम दिसावं. प्रत्येक फोल्डरसाठी कोणीतरी 'हवंय' म्हणावं. ज्याचं त्याने म्हटलेलं चालणार नाही, नाहीतर जो तो आपला कचरा कवटाळून बसतो. संध्याकाळपर्यंत कोणी बोललं नाही, तर आपोआप पुसलं जाईल. प्रत ठेवायची नाही. मॅनेजरबाई खूश!

बुधवार
बेवारस नावं मोठ्याने वाचली. एक निघालं 'डुलकी'. हशा पिकला. तोच ओरडला, मला हवंय की! म्हटलं, बाबा, तुझा शब्द धरत नाहीत. बाकीच्यांनी मजेत तोंडं मिटून घेतली. आणखी एक होतं 'धाकटी'. आपली आठवली, हसू आलं. दोन्ही गेली.

गुरुवार
शेजारची खुर्ची नाही. तिथे कुंडी आहे. मॅनेजरबाई म्हणतात, पहिल्यापासूनच आहे, कोण डुलकी? त्याचा कप मात्र माझ्या टेबलावर, तळाशी चहा ओला.

तुला फोन केला. दाढेचं विचारलं. तू हसलीस. म्हणालीस, धाकटी कोण? आपल्याला एकच मुलगी.

शुक्रवार
सगळं भांडार उपसलं. प्रत नाही. मीच ठेवू दिली नाही. तिच्यासाठी माझा शब्द चालला असता गं — एकदा 'हवीय' म्हणालो असतो तर — मी हसत बसलो —

नियम मागे घ्या म्हणून हात जोडले. मॅनेजरबाई मायेने म्हणाल्या, इतके छान नियम कोणी मोडतं का, काका?

शनिवार
यादीत एकच नाव. 'अहो'.

तशी हाक मला तूच मारतेस. इथे सगळ्यांना विनवलं — विचारतात, आजोबा, कोणाकडे आलात? माझा शब्द चालत नाही. तुझा चालेल — दिवे लागतायत —

तुझा निरोप आला. नंबर चुकला का, विचारतेस. नाही गं, मीच — थोरलीला औषध — लवकर उत्तर लिही, नुसतं 'हवेत' एवढंच लि