पान एक सोडून सगळं

२ जुलै, सोमवार. सकाळी ६.१०
आजपासून रोजनिशी. उद्या मी विज्ञान विभागप्रमुख झालो की लोक विचारणार, सर, हे सगळं सुरू कसं झालं? तेव्हा डोकं खाजवत बसायला नको.
काल एक वेबसाइट सापडली. शिक्षकांसाठी तयार पाठ. सगळे विषय, सगळ्या इयत्ता, प्रश्न, उत्तरं, चित्रं, आणि सगळं फुकट! बावीस वर्षं मी घसा फोडून शिकवतोय, आणि इथे कुणीतरी ताट वाढून ठेवलंय.
संकल्प: रोज दोनच पाठ डाउनलोड करायचे. वर्गात नेण्याआधी प्रत्येक पाठ स्वतः अथपासून इतिपर्यंत वाचायचा.

३ जुलै
डाउनलोड: १८६. त्यात पाचवीचा भूगोल, संगीत आणि शिवणकाम. मी विज्ञान शिकवतो हे खरं, पण फुकट ते पौष्टिक.
हिनं विचारलं, शिवणकाम कशाला? म्हटलं, ज्ञानाला विषय नसतो. ही म्हणाली, मग सुरुवात स्वतःच्या पँटपासून करा, आठ दिवस झाले शिवण उसवून. बायकोला मोठं चित्र दिसत नाही. तूर्तास स्टेपलरच्या तीन पिना मारल्या आहेत.

५ जुलै
फोल्डर लावायला बसलो. आतापर्यंत चार झाले: 'नवीन', 'नवीन २', 'नवीन खरं' आणि 'हेच वापरायचं'. शेवटचा रिकामा आहे. शिस्त लागायला वेळ लागतोच.

६ जुलै, मधली सुट्टी
मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, जाहीर केलं की विभागप्रमुखाचं नाव महिनाअखेर ठरेल. उमेदवार दोन. मी आणि खडूबाई.
खडूबाई माझ्या डावीकडच्या खुर्चीवर बसतात. आठवी अ त्यांच्याकडे, आठवी ब माझ्याकडे. पदराला खडू, बोटांना खडू, चहाच्या कपाला खडू. स्टाफरूममध्ये कुणी घाई केली की त्यांचं एकच पालुपद: मुलं कुठे पळून जात नाहीत. अशा माणसाशी स्पर्धा करायची म्हणजे मलाच लाज वाटते. बाईंची मनापासून दया येते.

९ जुलै
साइटवर एक हिरा सापडला! टोपणनाव 'तिसरा बाक'. विद्युत परिपथावर तीन पानी पाठ. चित्रं हातानं काढलेली, बल्बला चक्क नाक. काय ती भाषा, काय ती सफाई! माणूस परदेशात शिकलेला असणार. दाढी असणार. लगेच निरोप पाठवला: 'गुरुवर्य, आपल्यासारखे लोक आमच्या शाळेत असते तर!' खाली माझं टोपणनाव, 'विज्ञानसूर्य'.
एका ओळीवर मात्र थबकलो. लिहिलंय, मुलं कुठे पळून जात नाहीत. म्हणजे खडूबाई हे वाक्य इथूनच उचलतात! साइट बघतात आणि स्टाफरूममध्ये तोंडातून ब्र काढत नाहीत. आतल्या गाठीची बाई.

११ जुलै
उद्या आठवी ब ला याच पाठातली चाचणी. दहा प्रश्न, वीस गुण. शिपाईकाकांना झेरॉक्स काढायला सांगितलं: पान दोन आणि तीन, पाठपोट, बेचाळीस प्रती. पान एक गाळलं. ती प्रस्तावना असणार, आणि प्रस्तावना लिहिणाऱ्याशिवाय कुणी वाचत नाही. पान दोनवर प्रश्न आहेत. पान तीनची अक्षरं बारीक आहेत, मुलांसाठी जादा माहिती असेल.
काकांनी विचारलं, सर, एकदा नजर टाकता का? म्हटलं, काका, नजर टाकायची ती भविष्यावर.

१२ जुलै
चाचणी झाली. वर्गात टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी शांतता. अधूनमधून कागद उलटल्याचा आवाज, बस्स.
पहिल्या बाकावरची चष्मेवाली मात्र उभी राहिली. म्हणायला लागली, सर, मागच्या पानावर... मी तिथेच थांबवलं. मागचं पान मागे, आपण पुढचं बघायचं. बसली बिचारी. नंतर दप्तरातून डिंक काढून काहीतरी चिकटवत होती. अभ्यासाच्या वेळी हस्तकला!

१३ जुलै, संध्याकाळ
एक्केचाळीस मुलांना वीसपैकी वीस!!! बावीस वर्षांत असं झालं नव्हतं.
विशेष म्हणजे दहाव्या प्रश्नाला, 'बल्ब का लागला नाही?', एक्केचाळीस जणांनी अक्षर न अक्षर तेच लिहिलंय: 'स्वतःच्या शब्दांत. मुद्दा बरोबर असेल तर दोन गुण द्यावेत.' मुलांना मूल्यमापनाचीसुद्धा जाण आली! मी दोन गुण दिले.
चष्मेवालीनं भलतंच लिहिलं. वीज कुठूनतरी निघून पुन्हा तिथेच परत यायला हवी, वाट मध्येच तुटली की बल्ब लागत नाही, वगैरे. सगळा वर्ग एक म्हणतोय आणि हिचं दुसरंच. दोन गुण गेले. शिवाय कागदाची मागची बाजू कोरा कागद चिकटवून झाकलेली. नीटनेटकेपणाचा एक गुण कापला. सतरा. वर्गात शेवटची.
गुरुवर्यांना दुसरा निरोप: 'शंभर टक्के चमत्कार!'

१६ जुलै
चष्मेवालीचे वडील आले होते. शिंपी आहेत, शाळेच्या मागच्या गल्लीत दुकान. बसा म्हटलं तरी उभेच. म्हणाले, सर, पोरगी तीन दिवस जेवत नाही नीट, शाळा नको म्हणते. शेजारची पोरं हिच्याकडून शिकतात, त्यांना वीस आणि हिला सतरा, असं कसं? मी समजावलं की आधुनिक पद्धतीत टिकायला वेग लागतो. त्यांनी मान हलवली. जाताना खाली बघून म्हणाले, पिना टोचत असतील सर, दुकानात टाका, दोन टाके घालून देतो.
माणूस भला आहे. मुलीचं मात्र अवघड आहे.

१९ जुलै
आठवी अ वरून जाताना आत बघितलं. फळ्यावर नाक असलेला बल्ब! हद्द झाली. स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर सांगितलं की दुसऱ्याची चित्रं ढापून कुणी मोठं होत नसतं. खडूबाईंनी चहाचा घोट घेतला आणि विचारलं, तुम्हाला आवडलं का चित्र? म्हटलं, मूळ चित्रकाराचं आवडलं. बाई हसल्या. चोर तो चोर.

२३ जुलै
एक्केचाळीस वीसांची बातमी मोठ्या बाईंपर्यंत पोचली (मीच तीन वेळा पोचवली). शुक्रवारी चमत्कार बघायला स्वतः वर्गावर येणार. विभागप्रमुखाची खुर्ची कुठे ठेवायची याचा विचार करून ठेवलाय. खिडकीजवळ.
संकल्प: शुक्रवारपर्यंत 'तिसरा बाक' यांचा पाठ पूर्ण वाचायचा.

२६ जुलै
वाचायला बसणार तेवढ्यात घोड्यांच्या दातांवरचा एक सुंदर पाठ मिळाला. एकूण डाउनलोड: २,३१४. लॅपटॉप गरम होऊन बंद पडला. दोष साइटचा.

२७ जुलै, शुक्रवार
लिहवत नाही. तरी लिहितो.
प्रोजेक्टर चालला. पडद्यावर निळे बाण पळत होते. मोठ्या बाई शेवटच्या बाकावर. दहा मिनिटांनी म्हणाल्या, तो उजेड जरा बंद करा. पर्समधून एक सेल, दोन वायरी आणि बल्ब काढून मुलांच्या हातात दिला. लावा म्हणाल्या.
नऊ मुलांनी प्रयत्न केला. एकालाही जमलं नाही. एकानं तर दोन्ही वायरी सेलच्या एकाच टोकाला लावल्या. बाईंनी विचारलं, बल्ब का लागला नाही? पोरगं ताठ उभं राहिलं आणि खणखणीत आवाजात म्हणालं की स्वतःच्या शब्दांत, मुद्दा बरोबर असेल तर दोन गुण द्यावेत. सगळ्या वर्गानं माना डोलावल्या.
मग चष्मेवाली उठली. एक वायर इकडे, एक तिकडे. लागला. कुठे शिकलीस विचारल्यावर खाली मान घालून म्हणाली, मधल्या सुट्टीत खडूबाईंकडे जाते. माझ्याच वर्गात फितुरी!
मोठ्या बाईंनी एक चाचणीपेपर मागितला. पुढून पाहिला, मागून पाहिला, माझ्या टेबलावर ठेवला आणि गेल्या. मी मागून पाहिला नाही. हिंमत झाली नाही.

३० जुलै
परिपत्रक लागलं. विभागप्रमुख: खडूबाई. शुद्ध राजकारण. चष्मेवालीही शनिवारपासून शाळेत नाही. ही म्हणाली, जाऊ द्या, पँट तरी शिवून आणा. गुरुवर्यांना सहावा निरोप लिहिला. सगळं सांगितलं. ढापलेल्या चित्राचंही, शेवटच्या आलेल्या मुलीचंही. मोठी माणसंच आपलं दुःख जाणतात.

३१ जुलै, सकाळी ७.०५
उत्तर आलं! जसंच्या तसं उतरवतो:
'सर, पान एक वाचलंत का? यापुढे पाठपोट प्रती काढायच्या नाहीत, असं मी शिपाईकाकांना सांगून ठेवलंय. नाकवाला बल्ब ढापलेला नाही, माझाच आहे. तुम्हाला आवडला याचा आनंद झाला. उद्या तिसऱ्या तासाला मी रिकामी आहे. आठवी ब ला आपण दोघं मिळून परत शिकवू. मुलं कुठे पळून जात नाहीत. फक्त त्या चष्मेवालीचं आजच बघा.'
तीन वेळा वाचलं. दाढी वगैरे काही नाही.

सकाळी ७.४०
पान एक उघडलं. सहा ओळी आहेत. पहिली: पान तीनवर उत्तरं आहेत, ते मुलांना देऊ नये. शेवटची: एखादंच मूल स्वतःच्या शब्दांत लिहील, त्याचा पेपर सगळ्यात आधी तपासा.
चष्मेवालीचा पेपर काढला. चिकटवलेला कोरा कागद हळूच सोडवला. खाली सगळी उत्तरं. पोरीनं ती दिसू नयेत म्हणून झाकली होती, आणि मी त्याचा गुण कापला. फार वाईट वाटलं. खरंच फार.
सतरा खोडून वीस केले.

संध्याकाळी ६.००
शिंप्याच्या दुकानात गेलो. सगळं पाठ करून गेलो होतो: चूक माझी, पोरगी हुशार, तिला शाळेत पाठवा. चष्मेवाली आत बसून गुंड्या लावत होती. मला बघून उठून उभी राहिली. वीस गुणांचा पेपर तिच्या हातात दिला. तिनं आधी पुढून पाहिला, मग मागून. उद्या येते म्हणाली.
तिचे वडील माझ्याकडे बघत राहिले. आता माफी मागायची, तोंड उघडलं, आणि पिशवीतून पँट काढून दिली.
म्हणाले, परवा मिळेल. म्हणजे परवापर्यंत वेळ आहे.