आच वाया जायलीय

सर, तुम्ही गेल्यावर शाळा बरीच बदलली, पण परवा तुमचा लाडका विद्यार्थी आला आणि मला पुन्हा शेवटच्या बाकावर बसल्यासारखं झालं. माझ्याच वर्गातला तो. पुण्याहून गाडीनं एकटाच पालमला आला आणि आपल्या रोजच्या जगण्यातून हवेत किती कार्बन जातो, तो कसा मोजायचा, कमी कसा करायचा, हे मुलांना सांगू लागला. तुमच्या जागेवर विज्ञान मी शिकवते, पण बोलावलं त्याला. "विजेचं बिल बघा, प्रवास धरा, ताटात टाकलेलं अन्नसुद्धा धरा," म्हणाला. कामासाठी विमानानं फिरणं त्यानं खरंच बंद केलंय. मी मनात आमच्या परभणीच्या घरातले दोन एसी धरले आणि पुढचा हिशोब सोडून दिला.

मग त्यानं तुमच्या स्वयंपाकघराची आठवण काढली. काकू माहेरी गेलेल्या, भाताचं पातेलं उघडं, आणि तुम्ही म्हणताय, "झाकण ठेव आधी. आच वाया जायलीय." गॅस थोडा आधीच बंद करायचा, पुढचा भात आतल्या वाफेवर शिजतो, हेसुद्धा त्यानं सांगितलं. सर, ते स्वयंपाकघर माझं होतं. मी शिकवणीला लवकर आलेय, हातात झाकण धरून उभी आहे, तुम्ही हेच बोलताय, आणि मला वाटतंय, हे सरांनी फक्त मलाच सांगितलं. इतकी वर्षं मी ते कुणाला सांगितलं नाही. त्यालाही सांगितलं होतंत? अजून किती जणांना?

निघताना तो म्हणाला, "चल की, मी परभणीवरूनच जायलोय. रिकामी सीट कशाला न्यायची?" बरोबरच होतं त्याचं. मी म्हणाले, "नको, मी बसनंच जाते." स्टँडवर उन्हात बसून राहिले. शाळेतल्या शिपाई मावशी भेटल्या. "म्याडम, गाडीत न्हाई गेलात? ते कार्बनचं म्हणून का?"

"हो."

"लय चांगलं केलं बघा."

घरी आल्यापासून एक एसी बंद ठेवलाय. का, ते नवऱ्याला सांगितलेलं नाही. त्याचं ऐकून केलं, हे माझ्या तोंडून निघणार नाही.

हे पत्र कुठं पाठवणार? पण तुमच्यापुढं खोटं बोलवत नाही. बस कार्बनसाठी नव्हती, सर. गाडीत बसले असते, तर वाटेत त्यानं तुमची आणखी एखादी आठवण सांगितली असती, आणि ती माझ्याकडे नसती.