चिखलीच्या माळावरची गोल शर्यत

आबा, तुम्ही ज्या वयात गेलात ते वय मी केव्हाच ओलांडले, वकिलीही करून सोडली; तरी आपला एक वाद अजून निकाली निघालेला नाही. तुम्ही आता उत्तर देऊ शकत नाही, याचा फायदा मी घेणार नाही. दोन्ही बाजू मांडतो.

लष्कराच्या लिलावातल्या तीन मोडक्या मोटारी तुम्ही चिंचवडच्या आपल्या गॅरेजात सोलून काढल्यात. टप, दारे, मडगार्ड सगळे उतरवले. चारही चाके उघडी. चिखलीच्या माळावर मातीच्या गोल वाटेवर त्या एकदम पळवायच्या आणि माणसे जमवायची, हा तुमचा बेत. मी पुण्यात कायदा शिकत होतो. कर्ण्यावरून शर्यत पुकारायचे काम माझ्याकडे आले. जाहिरातीसाठी आपण एक मोटार चाकणच्या बाजारात नेली. कांद्याच्या पोत्यावरून एक म्हातारा उठतो, तिच्याभोवती फिरतो आणि विचारतो, "हिची कापडं कुनी नेली, राव?" दुसरा म्हणतो, "आन् म्होरं घोडी कोन पळवनार?" बैलगाड्यांच्या शर्यतीच्या घाटात बैलांपुढे घोडी धावते, तेव्हा प्रश्न रास्तच होता. "घोडी न्हाई. तिन्ही गाडे एकदमच सुटत्यात," तुम्ही म्हणालात. "एकदम? मंग बघायचं कुनाकडं?"

त्या संध्याकाळी आई भाकरी थापत होती आणि आपण चुलीपाशी भांडत होतो. माझा मुद्दा साधा होता. घाटात एका वेळी एकच गाडा पळतो. तो निशाणापार गेला की लोक गुलाल घेऊन आत धावतात, आणि वाट तिथेच संपते म्हणून ते चालते. गोल वाट संपत नाही. पहिला जिंकेल तेव्हा मागचे दोघे पळतच असतील. कुंपण घाला, नाहीतर एकेक मोटार सोडा. "एकेक सोडली तर ती शर्यत न्हाई, वरात हाय," तुम्ही म्हणालात. "आन् कुंपनाला लाकूड कुठनं आनू, वकील?" मामलेदारांनी परवानगी एकाच दिवसाची दिली होती आणि ते स्वतः येणार होते. एक माणूस चाकाखाली आला, तर तो जीव जाईल आणि तुमचा बेतही, हे दोघांनाही ठाऊक होते.

शेवटचा फेरा. पहिली मोटार निशाण ओलांडते, हलगी कडाडते, आणि मी सांगितले होते तसेच घडते: माणसे गुलाल उधळत वाटेवर उतरतात. वळणापलीकडे धुरळ्यात दोन इंजिने गुरगुरत आहेत. मी बैल नसलेल्या एका बैलगाडीवर उभा राहून कर्ण्यातून ओरडतो, "कृपया मागे व्हा, अजून दोन गाड्या येत आहेत!" वाक्य निर्दोष होते. एकानेही मान वळवली नाही. तुम्ही माझ्या हातातला कर्णा हिसकावलात आणि साऱ्या माळाला ऐकू जाईल असे ओरडलात, "गाडा सुटलाऽऽ!"

तिथे एकही बैल नव्हता. तरी घाटात लहानपणापासून ती आरोळी ऐकताच वाट मोकळी करणारी ती सारी माणसे एका उडीत वाटेच्या दोन्ही कडांना गेली, आणि मधल्या मोकळ्या मातीवरून दोन्ही मोटारी निघून गेल्या.

धुरळ्यामुळे मामलेदारांना यातले काहीच दिसले नव्हते. ते खुशीत म्हणाले, "झकास झालं. पुढच्या महिन्यात पुन्हा करा, परवानगी देतो." तुम्ही हात जोडलेत. "न्हाई साहेब. झाली तेवढी बास." ज्यासाठी तुम्ही वर्षभर खपलात ते समोर आलेले असताना नकार का, असे मी परतताना विचारले. तुम्ही म्हणालात, "आज लोकांनी ऐकलं. म्होरल्या येळी त्यांना ठावं आसंल, गाडा न्हवताच."

कुंपण हवे होते, हे माझे मत आजही कायम आहे. तुमच्या नकारात मात्र मला अद्याप एकही त्रुटी सापडलेली नाही.

हे पत्र मी कोणाला दाखवणार नाही, त्यामुळे एक गोष्ट नोंदवून ठेवायला हरकत नाही. तुमचे सारे लक्ष वाटेकडे होते, म्हणून तुम्ही पाहिले नाहीत. तुम्ही ओरडलात तेव्हा, गाडा नाही हे पक्के ठाऊक असूनही, मीही बैलगाडीवरून उडी मारून बाजूला पळालो होतो.